अंगावरच्या दुधाची चार दशकं

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला जिनिव्हात डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. ११८ देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका. सिंधुदुर्गातल्या मालवणात त्याची खबर कुणाला असणार? मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानातून पावडरचा डबा मात्र इथल्या घरांत येऊ लागला होता. डब्यावरचं गुटगुटीत बाळ बघून कितीतरी बायांना आपलंच दूध पातळ वाटू लागलं.

डब्याआधी सगळं चांगलं होतं, असं नाही. घरच्या बाळंतपणात पहिले दोन-तीन दिवस चीक पिळून टाकत. पिवळट आणि चिकट, म्हणून बाळाला बाधेल ही भीती. बाळाला रोगांपासून सर्वांत जास्त जपणारं दूध न्हाणीत वाहून जायचं आणि त्याच्या जिभेवर मध किंवा गुळाचं पाणी पडायचं.

बाळंतपणाच्या त्या काळोख्या खोलीत बाळंतिणीला एक गोष्ट मात्र भरपूर मिळे, ती म्हणजे सोबत. आजी, मावशी, बाळाला न्हाऊ घालणारी बाई यांपैकी कुणी ना कुणी जवळ असेच. ‘घाबरू नको गो चेडवा, दूध येतला,’ म्हणत बाळ पुन्हापुन्हा छातीशी लावलं जाई. सोबत उकड्या तांदळाची पेज, अळिवाची खीर आणि दूध वाढावं म्हणून मोरीचं कालवण. मोरी म्हणजे शार्क. तिच्या अंगात पारा साठतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईने ती टाळावी आणि बांगडा, तारली खावी, हे बरं. खरं तर दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने. जितकं रिकामं होईल, तितकं पुन्हा भरतं.

दरम्यान मुंबईत मोठं काम उभं राहत होतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात बंद केली आणि डब्यावरचं बाळही उतरवलं. मला मात्र याहून मोलाचं वाटतं ते गडचिरोलीचं काम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिला घरोघर पाठवलं. २०११पासून देशभरच्या आशाताई त्याच वाटेने जातात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

किनाऱ्यावरच्या वाडीत आशाताई येते, हात धुते, बाळंतिणीशेजारी बसते. बाळाने नुसतं बोंड धरलेलं असतं, आईला कळा येत असतात. ती बाळाचं अंग आईच्या पोटाशी सरळ टेकवते, त्याने मोठा आ केला की चटकन जवळ घेते. बोंडाभोवतीचा काळा भाग तोंडात जातो, हनुवटी छातीला टेकते, गिळल्याचा आवाज येतो. आजीची चीक टाकायची चूक सोडली तर आजी आणि आशाताई, दोघींचं काम एकच.

पण तिसऱ्या दिवसाच्या आधीचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पाचव्या फेरीत ८८.६ टक्के. पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.६ टक्क्यांवरून जेमतेम ४१.८वर गेली. सिझेरियन वाढलं. टाके दुखत असताना एकटीने बाळ उचलून धरणं किती अवघड, ते त्या आईलाच ठाऊक. नर्सच्या मागे दहा कामं, आणि घरची माणसं दाराबाहेर.

पुढेही सगळ्यांचं सारखं नाही. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, ती नोकरदार बाईला. मालवणच्या बाजारात मासळी विकणारीला रजा कोण देणार? ती लवकरच टोपली उचलते. तिने निघण्याआधी दूध पिळून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलं, तर घरचं कुणीही ते चार तासांच्या आत बाळाला वाटी-चमच्याने पाजू शकतं. दूध कसं पिळायचं, हे दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच तिच्याजवळ बसून कुणीतरी दाखवायला हवं.