हर्बल आहे ना, मग काय हरकत?

लग्नसराई जवळ आली की आमच्या थेरगावातल्या भिशीत दोन विषय हमखास निघतात, साड्या आणि वजन! मागच्या वेळी त्यात एका बाटलीची भर पडली. "सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक. भूकच लागत नाही गं! आणि सगळं हर्बल, साइड इफेक्ट काही नाही," असं एका मैत्रिणीनं सांगितलं आणि बाटली हातोहात फिरली. किंमत १,८०० रुपये, पुरते महिनाभर.

माझ्या धाकट्या जावेनं त्याच दिवशी पैसे दिले. ती चाकणला कंपनीत आहे. पहाटे उठून सगळ्यांचे डबे करायचे, स्वतः चहावर निघायचं आणि डांगे चौकात कंपनीची बस गाठायची, असा तिचा दिवस. आठ दिवसांत तिची भूक खरंच गेली. डबा अर्धा परत येऊ लागला. स्वारी एकदम खूश! पण मग रात्रीची झोप उडाली, तोंडाला कोरड पडू लागली आणि जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांकडे गेलो, तर बीपी वाढलेलं.

"कुठलं औषध चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, काहीच नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, त्या कॅप्सूल?"

"ताई, ते काय औषध आहे का? ते तर हर्बल!"

तिला तशीच मागे फिरवली आणि डॉक्टरांना बाटली दाखवली. त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. पंधरा दिवसांत धडधड थांबली, झोप लागू लागली. त्या बाटलीत नेमकं काय होतं, ते काही कळलं नाही. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्यापैकी किती जणी असंच म्हणत असतील!

कोकमाची बहीण

या बाटल्यांवर सगळ्यात जास्त दिसणारं नाव म्हणजे गार्सिनिया कंबोजिया. नाव परदेशी वाटतं, पण ही आपल्या कोकमाचीच बहीण. केरळात माशाच्या कालवणात आंबटपणासाठी तिची वाळवलेली सालं टाकतात. अमेरिकेत १९९८ साली १३५ जणांवर तिची नीट परीक्षा झाली. निम्म्यांना गार्सिनियाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बेताचा आहार मात्र दोघांनाही सारखाच. १२ आठवड्यांनी गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, तर खोट्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो! म्हणजे काम केलं ते ताटानं, गोळीनं नव्हे.

दुसरी वनस्पती आपल्याच माळरानावरची. काही भागात तिला माकडशिंग म्हणतात, शास्त्रीय नाव कॅरॅलुमा. तिची भाजीही करतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ५० जणांवर ६० दिवस तिच्या अर्काचा प्रयोग केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. भूक थोडी कमी झाली, कंबरेचा घेरही उतरला. पण वजनात, खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ठळक फरक पडला नाही.

भूक एकदम मेली, तर...

आता गंमत बघा. खरी वनस्पती जर इतकी सौम्य, तर आठ दिवसांत जेवणाची वासनाच जाते ती कशानं? इथंच सावध व्हायला हवं, मैत्रिणींनो. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं रासायनिक औषध पूर्वी डॉक्टर लिहून देत. त्यानं रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढतात, हृदयविकार असलेल्यांना झटक्याचा धोका वाढतो, असं आढळलं. २०१० साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि २०११ साली भारतानंही त्यावर बंदी घातली. पण 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला तेच लपवून घातलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. लेबलवर अर्थातच त्याचं नाव नसतं.

म्हणून मी तर म्हणेन, बाटलीचा गुण फार लवकर आला तर आनंद मानू नका, शंका घ्या. गुण आला नाही, तर पैसे गेले. गुण झटपट आला, तर कदाचित त्याहून जास्त काही जाईल.

आणखी एक गोष्ट. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात, ज्या आजारांवर 'हमखास औषध' म्हणून जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणाही आहे. तेव्हा 'महिन्यात दहा किलो' असं छापणाराच नियम मोडत असतो.

एवढं तरी करा

- आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, आणि फूड सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक बघा. दोन्ही नसेल तर बाटली परत करा.
- गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका.
- चूर्ण, काढा, कॅप्सूल, जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगा. बाटलीच पर्समध्ये टाकून न्या.
- धडधड, चक्कर, झोप न लागणं, लघवी गडद होणं किंवा डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर गोळी बंद आणि दवाखाना गाठा.
- वजन अचानक वाढलं असेल तर आधी थायरॉइड तपासून घ्या.

माझ्या जावेचं वजन अजून फारसं उतरलेलं नाही. पण डॉक्टरांनी तिला एक साधा प्रश्न विचारला होता, "सकाळी काय खाता?" उत्तर होतं, "चहा." मग दुपारी चारला घरी आल्यावर फरसाणाचा डबा आणि रात्री सगळ्यांचं उरलंसुरलं! आता ती बसमध्ये चढण्यापूर्वी भाकरी-भाजी नाहीतर मूठभर उसळ खाऊन निघते. संध्याकाळी आम्ही दोघी केजुदेवी बंधाऱ्यापर्यंत चालून येतो. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, आता भूक वेळेवर लागते."

मला तर वजनकाट्यापेक्षा तेच ऐकून बरं वाटलं. भूक ही काही मारून टाकायची गोष्ट नव्हे. ती शरीराची हाक आहे. घरात सगळ्यांची भूक ओळखणाऱ्या आपण, आपलीही एकदा ओळखू या.