सामू : परीक्षेंतील आंकडा व शेतांतील चोपण

परीक्षा जवळ आली म्हणजे शास्त्र शिकणारीं मुलें आम्ल, अल्क व सामू हा धडा घोकूं लागतात. पीएच् म्हणतात तोच हा सामू. वडिलांस वाटतें, हें कांचेच्या नळ्यांचें प्रकरण. शेताशीं त्याचा काय संबंध? परंतु नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाल्यावर बारामतीकडील ज्या काळ्या जमिनी पुढें खारवट व चोपण झाल्या, त्यांचें दुखणें याच धड्यानें उलगडतें.

सामूचें मोजमाप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानें १९०९ सालीं सुचविलें. सात हा मध्य. त्याखालीं आम्लता व वर अल्कता. मात्र हा सरळ बेरजेचा हिशेब नव्हे. एका अंकाचा फरक म्हणजे दसपट, दोन अंकांचा म्हणजे शंभरपट. यास्तव आठ सामूची जमीन व नऊ सामूची जमीन यांस शेजारी-शेजारी समजूं नये.

दुसरी गोष्ट बळाची. हायड्रोक्लोरिक आम्ल व शिरक्यांतील ॲसेटिक आम्ल यांचीं सारख्याच प्रमाणाचीं, म्हणजे ०.१ मोलर, द्रावणें घेतलीं, तर पहिल्याचा सामू १ व दुसऱ्याचा सुमारें २.९ भरतो. पहिल्याचे बहुतेक सर्व रेणू फुटून हायड्रोजनचे आयन मोकळे होतात. दुसऱ्याचे शेंकडा एक-दीडच फुटतात. अल्कांतही कॉस्टिक सोडा बलवान व अमोनिया दुर्बल, तो याच कारणानें. सामू मोकळे आयन सांगतो, एकूण सांठा सांगत नाहीं. विहिरींतील पाण्याची पातळी कळली म्हणून झऱ्याचा जोर कळत नाहीं, तसेंच हें आहे.

आतां शेताकडे वळूं. खारवट जमिनीवर पांढरा थर येतो. तींत विद्राव्य क्षार पुष्कळ, पण सामू बहुधा साडेआठाच्या आंत. चर खणून गोड्या पाण्यानें धुतली कीं ती सुधारते. चोपणांत सोडियम मातीच्या कणांस चिकटलेला असतो, धुण्याचा सोडा तयार होतो व सामू साडेआठाच्या वर जातो. अशी जमीन ओली असतां चिकट, वाळल्यावर दगडासारखी, व पाणी वरच तुंबतें. तीस नुसतें पाणी देऊन धुवावयास जावें, तर क्षार निघून जातात, सोडियम मात्र राहतो. कण विखरून छिद्रें बुजतात व जमीन अधिकच बिघडते. तेथें आधीं निचरा, मग जिप्सम, व नंतर धुणें हाच क्रम. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सोडियम सल्फेटाच्या रूपानें वाहून जातो.

कोंकणांतील आम्ल जांभ्या जमिनीस चुना मानवतो, म्हणून तो चोपणास घालूं नये. तिची अल्कता त्यानें कमी होत नाहीं.

तरी खर्च करण्यापूर्वीं मातीचा नमुना तपासून घ्यावा. अहवालांत सामू व विद्युतवाहकता हे दोन्ही आंकडे पाहावे. सामू अल्कता दाखवितो, वाहकता क्षारांचें प्रमाण. जिप्सम किती लागेल हें सामूवरून ठरवूं नये. त्याची तपासणी निराळी करवावी. आणि घरांत परीक्षेस बसणारा मुलगा अगर मुलगी असेल, तर तो अहवाल त्यांच्याकडूनच वाचवून घ्यावा. धडाही पक्का होईल व जमीनही वांचेल.