बॅटरी ३० टक्के, तरीही लॅपटॉप अचानक बंद का पडतो?

नंदिनी नगर (छत्तीसगड) : पडद्याच्या कोपऱ्यात ३० टक्के चार्ज शिल्लक दिसत असतो आणि कोणतीही पूर्वसूचना न देता लॅपटॉप विझतो. चार्जर जोडताच तोच लॅपटॉप तासन्‌तास विनातक्रार चालतो. चार-पाच वर्षे वापरलेल्या यंत्रांत हा दोष वारंवार आढळतो. भिलाई इस्पात कारखान्याच्या चुनखडीच्या खाणींभोवती वसलेल्या नंदिनी नगरसारख्या वसाहतीत घरातील थोरल्याचा लॅपटॉप धाकट्याकडे जाणे नित्याचे असते. वादळी पावसात वीज गेली आणि त्याच वेळी ऑनलाइन परीक्षा किंवा प्रवेश अर्ज सुरू असला, तर हा दोष महागात पडतो. अनेकदा ‘लॅपटॉप गेला’ असे समजून नव्या यंत्राचा खर्च केला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो आणि थकलेली असते ती केवळ बॅटरी.

मग ३० टक्के हा आकडा खोटा असतो का? तसे म्हणता येणार नाही. बॅटरीत किती ऊर्जा उरली आहे, याचा तो अंदाज असतो. ती ऊर्जा बॅटरी किती वेगाने देऊ शकेल, हे मात्र तो सांगत नाही. स्कूटरची बॅटरी उतरली असता दिवा मंद का होईना लागतो, पण सेल्फ-स्टार्ट काही केल्या फिरत नाही. लॅपटॉपमध्ये घडते ते याच जातीचे.

लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक घटाचा दाब पूर्ण चार्ज असताना साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ व्होल्टच्या आसपास आला की संरक्षक मंडल पुरवठा तोडते. वापर आणि वय यांनुसार घटातील ऋण इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो, त्यात लिथियम अडकून पडते आणि अंतर्गत रोध वाढतो. समजा, तीन घटांच्या संचाचा दाब १०.८ व्होल्टपर्यंत उतरला आहे आणि प्रोसेसरला अचानक ४ अँपिअर प्रवाह हवा आहे. नव्या संचाचा रोध ०.१ ओहम धरला तर दाब ०.४ व्होल्टने घटून १०.४ राहतो. जुन्या संचाचा रोध ०.५ ओहम झाला असेल तर घट २ व्होल्टची होते, दाब ८.८ वर येतो. तीन घटांची किमान मर्यादा ९ व्होल्ट. ती ओलांडली जाताच क्षणात अंधार. तीनपैकी एकच घट कमकुवत असला तरी परिणाम हाच, कारण घट एकामागे एक जोडलेले असतात.

हा दोष केवळ लॅपटॉपपुरता नाही. जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अ‍ॅपलने सॉफ्टवेअरद्वारे त्यांचा वेग कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये हे उघड झाले, ग्राहकांचा रोष ओढवला आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करून बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला. मूळ कारण थकलेल्या बॅटरीचा वाढलेला रोध हेच होते.

दुर्ग परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. उष्णता लिथियम-आयन बॅटरीची झीज वेगाने वाढवते, त्यातही ती पूर्ण चार्ज असताना अधिक. दिवसभर चार्जरला जोडून तापत्या खोलीत ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी, फारशी वापरली न जाताही, लवकर म्हातारी होते ती यामुळेच.

निदानाचा क्रम मात्र पाळावा लागतो. दोष फक्त बॅटरीवर चालताना येतो की चार्जर जोडलेला असतानाही, हे प्रथम पाहावे. चार्जरवरही यंत्र बंद पडत असेल, तर संशय तापमानाकडे जातो. पंख्यात व जाळीत साचलेली धूळ काढणे हा पहिला उपाय. चार्जरवर प्रोसेसर सहसा अधिक जोराने चालतो. त्यामुळे तेथे टिकणारे आणि केवळ बॅटरीवर कोसळणारे यंत्र उष्णतेमुळे बंद पडत असण्याची शक्यता कमी.

त्यानंतरची चाचणी सर्वांत बोलकी आणि फुकट आहे. पडद्याचा उजेड कमी करावा, बॅटरी सेव्हर सुरू करावा आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवावी. बऱ्याच जुन्या यंत्रांत त्यामुळे प्रोसेसरची अचानक वेग घेण्याची सोय बंद होते. एवढ्याने लॅपटॉप बंद पडणे थांबले किंवा बरेच लांबले, तर बॅटरी भार पेलू शकत नाही, हे जवळपास निश्चित. परीक्षा तोंडावर असेल तर तात्पुरता आधार म्हणूनही हाच उपाय उपयोगी पडतो.

विंडोजमधील बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मूळ ४८,००० मिलिवॉट-तास आणि आता २४,००० असेल, तर निम्मी बॅटरी संपली. पण अहवालात रोध दिसत नाही. क्षमता ७० टक्के असूनही यंत्र कोसळू शकते. म्हणून अहवाल चांगला आला की बॅटरी निर्दोष, असा निष्कर्ष काढू नये. बॅटरी पूर्ण चार्ज करून, उतरवून, पुन्हा चार्ज करण्याच्या ‘कॅलिब्रेशन’ने टक्केवारीचा अंदाज सुधारतो, गेलेली ताकद परत येत नाही. याबाबत दुकानांत बरेच गैरसमज ऐकू येतात.

काढता येणारी बॅटरी असेल तर तिची टोके कोरड्या कापडाने पुसून ती नीट बसवून पाहावी. नवी बॅटरी लावूनही दोष राहिला, तरच मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याच्या भागाची तपासणी करावी. हा खर्च आधी करण्यात अर्थ नाही.

एका लक्षणापुढे मात्र कोणतीही चाचणी करू नये. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळाचे झाकण फुगले असेल किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असे यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा. बॅटरी दाबणे किंवा टोचणे आगीला निमंत्रण ठरते.

नवी बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि आयएस १६०४६ हे मानक पाहावे. ‘आर’ अक्षरानंतर आठ अंकी क्रमांक असतो. उत्पादनाची तारीखही तपासावी, कारण दुकानात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरीही झिजत असते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे पुढील आवृत्ती न पेलणाऱ्या यंत्रात महागडी बॅटरी घालण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवता येईल का, हेही पाहून घ्यावे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावी लागते. तोपर्यंत तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती थंड, कोरड्या जागी ठेवावी.