अठरा वर्षांची जीटी-आर: नऊ वर्षं धावली, नऊ वर्षं थांबली

४८०, ५७०, ५७०. निस्सान जीटी-आर या जपानी स्पोर्ट्स कारच्या नेहमीच्या आवृत्तीतल्या इंजिनाची ही अश्वशक्ती आहे, अनुक्रमे २००७, २०१६ आणि २०२५ सालची. पहिल्या नऊ वर्षांत ९० ची भर पडली, पुढच्या नऊ वर्षांत काहीच नाही. २६ ऑगस्ट २०२५ रोजी जपानमधल्या तोचिगी कारखान्यातून ‘आर-३५’ या पिढीची शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर अठरा वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या तयार झाल्या होत्या.

या गाडीबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ती फार जुनी झाली होती, म्हणून मागे पडली. आकडे शेजारी-शेजारी मांडले की हे अर्धंच खरं असल्याचं कळतं. वयाची नऊ वर्षं पूर्ण होईपर्यंत ही गाडी प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीने पुढे सरकत होती. त्यानंतर तिच्यातली सुधारणा मंदावली, किंमत मात्र वाढतच राहिली, आणि तिथून ती म्हातारी होऊ लागली.

ताकद आणि वजन

नुसत्या अश्वशक्तीवरून दोन गाड्यांची तुलना होत नाही. ती ताकद किती वजन ओढते, हेही पाहावं लागतं. जीटी-आरची नेहमीची प्रतिस्पर्धी म्हणजे जर्मनीची पोर्शे ९११ टर्बो. २००७ मध्ये दोघींची ताकद अगदी सारखी, ४८० होती. पण जीटी-आरचं वजन १,७४० किलो होतं आणि पोर्शेचं १,५८५. दर टन वजनामागे किती अश्वशक्ती मिळते, याचा हिशेब असा येतो:

२००७: जीटी-आर २७६, ९११ टर्बो ३०३. जीटी-आर पोर्शेच्या ९१ टक्के.
२०१६: जीटी-आर ३२४, ९११ टर्बो एस ३६३. जीटी-आर ८९ टक्के.
२०२५: जीटी-आर ३२४, ९११ टर्बो एस ४१२. जीटी-आर ७९ टक्के.

(दर वेळी टर्बो मालिकेतली त्या काळची सर्वांत ताकदवान पोर्शे घेतली आहे. २००७ मध्ये ‘टर्बो एस’ नव्हती.)

पहिल्या नऊ वर्षांत दोघींमधलं अंतर फक्त दोन टक्क्यांनी वाढलं. या काळात पोर्शेने ९११ ची एक संपूर्ण नवी पिढी बाजारात आणली होती, तर निस्सानने त्याच सांगाड्यावर ४८५, ५३०, ५५०, ५७० अशा पायऱ्या चढत तिला गाठून ठेवलं होतं. पुढच्या नऊ वर्षांत हेच अंतर दहा टक्क्यांनी वाढलं. पोर्शे ५८० वरून ६५० वर आणि तिथून ७११ वर गेली. जीटी-आरचा आकडा जागेवरच राहिला.

वजनाच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. जीटी-आर जड आहे, ही पहिल्या दिवसापासूनची तक्रार होती. २०२५ च्या ९११ टर्बो एसमध्ये हायब्रिड यंत्रणा आली आणि तिचं वजन १,७२५ किलोंवर गेलं. म्हणजे आजची पोर्शे २००७ च्या जीटी-आरपेक्षा जेमतेम १५ किलोंनी हलकी आहे. जीटी-आर मागे पडली ती जडपणामुळे नव्हे. प्रतिस्पर्ध्यांनी वाढलेल्या वजनाच्या बदल्यात ताकद मिळवली, तिने मिळवली नाही.

घड्याळाची साक्ष

जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब ट्रॅक म्हणजे अशा गाड्यांची मोठी परीक्षा. २००७ मध्ये जीटी-आरने तिथली फेरी ७ मिनिटं ३८.५४ सेकंदांत पूर्ण केली. २०१३ मध्ये ६०० अश्वशक्तीच्या ‘निस्मो’ आवृत्तीने ट्रॅकसाठीचे खास सुटे भाग बसवून ७ मिनिटं ८.६८ सेकंदांची वेळ दिली. सहा वर्षांत जवळपास ३० सेकंद कमी, तेही पिढी न बदलता! अभियंत्यांच्या चिकाटीचं इतकं स्पष्ट मोजमाप क्वचित मिळतं, आणि या गाडीबद्दल मनापासून आदर वाटावा तो याच कामगिरीसाठी.

आता नव्या गाड्या पाहू. अमेरिकी शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ ची २०२५ मध्ये जाहीर झालेली वेळ ७ मिनिटं ११.८३ सेकंद आहे, तर त्याच वर्षीच्या ९११ टर्बो एसची ७ मिनिटं ३.९२ सेकंद. पण हे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पूर्वी उत्पादक साधारण २०.६ किलोमीटरची वेळ सांगत. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरची धरली जाते, आणि या फरकासाठी चार-पाच सेकंद जास्त लागतात. तेवढे जोडले तर निस्मोची वेळ ७ मिनिटं १३ सेकंदांच्या आसपास येते. म्हणजे बारा वर्षं जुनी वेळ कॉर्व्हेट झेड०६ पेक्षा सेकंद-दीड सेकंदाने आणि नव्या पोर्शेपेक्षा नऊ-दहा सेकंदांनी मागे राहते. सात मिनिटांच्या फेरीत हा फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे.

किंमत

खरं वय दिसतं ते किमतीच्या रकान्यात. जपानमध्ये सर्वांत स्वस्त जीटी-आरची करासह किंमत २००७ मध्ये ७७.७ लाख येन, २०१६ मध्ये ९९.६ लाख येन आणि २०२५ मध्ये १४४.४ लाख येन होती. एका अश्वशक्तीमागे ग्राहक किती पैसे मोजत होता, ते पाहा: २००७ मध्ये सुमारे १६,२०० येन, २०१६ मध्ये १७,५००, २०२५ मध्ये २५,३००. पहिल्या टप्प्यात वाढ ८ टक्के, दुसऱ्यात ४५ टक्के. जपानचा उपभोग कर या काळात ५ वरून ८ आणि मग १० टक्क्यांवर गेला, पण त्यातून या वाढीचा अगदी लहान वाटाच समजतो.

अमेरिकेतही हेच दिसतं. २००८ मध्ये जीटी-आर ६९,८५० डॉलरना मिळत होती आणि ९११ टर्बो सव्वा लाखाच्या घरात होती. पोर्शेइतकी ताकद जवळपास निम्म्या किमतीत, हीच तिची ओळख. २०२४ मध्ये तिची किंमत १,२०,९९० डॉलरपासून सुरू होत होती. तोवर नव्या पिढीची कॉर्व्हेट झेड०६ बाजारात आली होती. २०२३ चं मॉडेल म्हणून ती १,०६,३९५ डॉलरना आली, तेव्हा तिच्यात अमेरिकी मोजणीनुसार ६७० अश्वशक्ती होती, तर जीटी-आरमध्ये ५६५. कमी पैशांत जास्त वेग देण्याची जागा जीटी-आरने निर्माण केली नसेलही, पण जगभर गाजवली तिने. अखेरीस ती जागा दुसरीकडे गेली.

भारतात ही गाडी डिसेंबर २०१६ मध्ये आली, तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १.९९ कोटी रुपये होती. तयार गाडीवरच्या भरमसाट आयातशुल्कामुळे ‘निम्म्या किमतीत सुपरकार’ हा तिचा मूळ गुण इथल्या ग्राहकाला कधी अनुभवायलाच मिळाला नाही.

थांबली का?

दुसऱ्या टप्प्यात कामच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. टर्बोचार्जरचा प्रतिसाद सुधारला, निस्मोत कार्बन फायबरचा वापर वाढला, शेवटच्या वर्षांत हवेचा दाब वाढवणारे नवे बंपर आणि मागचा पंख आला. पण प्रतिस्पर्धी आठ गिअरच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सवर गेले, तरी इथे सहा गिअरच राहिले.

कारण संख्येत आहे. अठरा वर्षांत ४८ हजार, म्हणजे वर्षाला सरासरी २,७०० गाड्याही नाहीत. पोर्शेने सर्व प्रकारच्या मिळून ५० हजारांहून अधिक ९११ एकट्या २०२४ मध्ये ग्राहकांना दिल्या. नव्या पिढीचा खर्च पोर्शे इतक्या गाड्यांवर वाटू शकते. निस्सानकडे तसा आधार नव्हता. योकोहामाच्या कारखान्यात नऊ कुशल कारागीर हे इंजिन हाताने जुळवत, ही अभिमानाची गोष्ट खरी, पण अशा कामाचा खर्च उत्पादन वाढवून कमी होत नाही. त्यात २०१९-२० या आर्थिक वर्षात कंपनीला ६७१ अब्ज येनचा तोटा झाला. पाठोपाठ नियमही आड आले. ऑस्ट्रेलियात बाजूच्या धडकेच्या सुरक्षा नियमांमुळे २०२१ मध्ये आणि युरोपात आवाजाच्या मर्यादेमुळे २०२२ मध्ये विक्री थांबली.

म्हणून गाडी ‘जुनी’ ठरवताना ती कोणत्या साली आली एवढंच पाहू नये. तिच्यात शेवटची मोठी सुधारणा कधी झाली आणि त्यानंतर किंमत किती वाढली, हे दोन प्रश्न जास्त प्रामाणिक उत्तर देतात. त्या हिशेबाने २०१६ ची जीटी-आर नऊ वर्षांची असूनही तरुण होती. २०२५ ची गाडी तीच असून महाग होती. जीटी-आर हे नाव पुन्हा येईल, असं निस्सान म्हणते. ते आलं तर पहिल्या दिवसाच्या अश्वशक्तीचा गाजावाजा होईलच. त्या गाडीची खरी किंमत मात्र तिच्या दहाव्या वर्षीच्या आकड्यांवरून ठरेल.