अजिंक्य संघ आणि त्याची कीर्द-खतावणी

लँकेशायर हें नांव आपल्या पणजोबांच्या पिढीस कापडाच्या गांठीवरील छापावरून ठाऊक होतें. मँचेस्टर ही त्या कापडाची मोठी पेठ. परंतु प्रत्यक्ष सूत काढणारीं आणि माग चालविणारीं गांवें तिच्या भोंवतीं दूरवर पसरलेलीं होतीं. रिबल नदीच्या कांठचें प्रेस्टन हें त्यांपैकींच एक. सूत काढण्याच्या यंत्राकरितां प्रसिद्ध असलेला रिचर्ड आर्कराइट 1732 सालीं येथेंच जन्मला. 1853-54 सालीं मालकांनीं मजुरांस महिनेच्या महिने गिरणीच्या दाराबाहेर ठेविलें, तें पाहण्यास चार्ल्स डिकन्स स्वतः या गांवीं आला, आणि त्याच वर्षीं त्याची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दारूस मुळींच शिवणार नाहीं अशी शपथ घेण्याची चळवळ 1832 सालीं जोसेफ लिव्हसीनें याच गांवांत उभारली. येथील 'गिल्ड' नामक उत्सव वीस वर्षांतून एकदां येतो. 2012 सालीं तो झाला. आपल्याकडे सिंहस्थाचें जें स्थान, कांहींसें तेंच त्यांच्याकडे या गिल्डाचें.

या गांवाच्या 'प्रेस्टन नॉर्थ एंड' नांवाच्या फुटबॉल-संघानें 1888-89 च्या हंगामांत जें करून दाखविलें, तें पुढें एकशें पंधरा वर्षें इंग्लंडच्या प्रथम श्रेणींत दुसऱ्या कोणासही साधलें नाहीं. सबंध हंगामांत तो संघ लीगचा एकही सामना हरला नाहीं, आणि करंडकाच्या स्पर्धेंतही हरला नाहीं. या यशाची हकीकत क्रीडाप्रेमी लोक मोठ्या आवडीनें सांगतात. मला तिच्याइतकीच त्या यशाच्या खर्चाची हकीकत विचार करण्याजोगी वाटते, म्हणून दोन्ही एकत्र सांगण्याचें योजिलें आहे.

गिरणीच्या गांवांत फुटबॉल कां फोफावला, याचें उत्तर खेळांत नसून कायद्यांत आहे. 1850 च्या कायद्यानें गिरण्यांतील स्त्रिया व मुलें यांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें, आणि त्यांच्यावांचून यंत्रें चालेनात म्हणून पुरुषांसही तीच सुटी मिळाली. रविवार हा प्रार्थनेचा. त्या दिवशीं खेळ निषिद्ध. तेव्हां आठवड्यांत जो कांहीं मोकळा वेळ तो शनिवारच्या तिसऱ्या प्रहरींच. अंगावरचा कापूस झटकून हजारों माणसें मैदानाकडे वळूं लागलीं, दाराशीं आणे-दोन आणे देऊं लागलीं, आणि खेळाच्या पाठीशीं पैसा उभा राहिला.

प्रेस्टनचा संघ मूळचा क्रिकेटचा. 1875 सालीं त्यानें डीपडेल येथील मैदान घेतलें, आणि कांहीं काळ रग्बी खेळून 1880 च्या सुमारास तो फुटबॉलकडे वळला. त्याचा सर्व कारभार विल्यम सडेल नांवाच्या गृहस्थाच्या हातीं होता. सडेल हा त्याच गांवचा, एका मोठ्या गिरणीचा व्यवस्थापक. स्वयंसेवक पलटणींतील हुद्द्यामुळें लोक त्यास 'मेजर' म्हणत. 1881 च्या मार्च महिन्यांत शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सनें प्रेस्टनचा सोळा विरुद्ध शून्य असा पराभव केला. दुसरा कोणी असता तर खेळ सोडून पुन्हा क्रिकेटकडे गेला असता. सडेल मात्र विद्यार्थ्याच्या चिकाटीनें कामास लागला. खेळाच्या युक्त्या समजावून देण्यास तो फळ्याचा व बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचा उपयोग करी, असें सांगतात.

त्याच्या ध्यानांत आलेली मुख्य गोष्ट ही कीं, इंग्रज गडी चेंडू पायांत घेऊन एकटाच धांवत सुटतो, आणि स्कॉटलंडचे गडी तो एकमेकांकडे देत पुढें जातात. या स्कॉटिश खेळाडूंस इंग्लंडमध्यें लोक 'प्रोफेसर' म्हणत, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. कारण ते खरोखरच शिकविण्यास आल्यासारखे आले. सडेलनें त्यांस प्रेस्टनला आणिलें आणि गांवांत कामधंदे लावून दिले. जिमी रॉस, डेव्हिड रसेल, जॉनी ग्रॅहॅम, जॉर्ज ड्रमंड हे सारे स्कॉटलंडहून आलेले. जॉन गुडॉल हा जन्मानें लंडनचा, परंतु आईबापांकडून स्कॉटिश.

येथेंच वादास तोंड फुटलें. त्या वेळीं खेळण्याबद्दल पैसे घेणें फुटबॉल असोसिएशनच्या नियमांविरुद्ध होतें. पुष्कळ संघ गुपचूप पैसे देत आणि विचारल्यास कानांवर हात ठेवीत. 1884 च्या जानेवारींत करंडकाच्या स्पर्धेंत प्रेस्टनची गांठ लंडनच्या अप्टन पार्क या हौशी संघाशीं पडली. सामना बरोबरींत सुटला, आणि अप्टन पार्कनें तक्रार गुदरली कीं, प्रेस्टनचे गडी पगारी आहेत. समितीपुढें सडेलनें आढेवेढे न घेतां कबूल केलें कीं, होय, आम्ही देतों, आणि दुसरेही देतात. प्रेस्टनला त्या वर्षीं स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आलें. परंतु उत्तरेकडील संघ वेगळी संस्था काढण्याच्या गोष्टी बोलूं लागले, तेव्हां 1885 च्या जुलैमध्यें असोसिएशनला पगारी खेळ मान्य करावा लागला. करंडकाच्या सामन्यांकरितां एक अट मात्र घातली गेली: पगारी गडी गांवाच्या सहा मैलांच्या आंत जन्मलेला तरी असावा, किंवा तेथें दोन वर्षें राहिलेला तरी असावा.

हौशी पक्षाचें म्हणणें वरवर पाहतां उदात्त होतें. खेळ हा खेळासाठीं, द्रव्यासाठीं नव्हे. पण ज्याच्या घरीं इस्टेट आहे त्यास हें म्हणणें परवडतें. सकाळपासून मागावर उभें राहणाऱ्यानें दूरच्या गांवीं सामन्यास जावें आणि त्या दिवसाची मजुरी बुडवावी, हा न्याय कोणता? आपल्या धर्मशास्त्रांतही हा वाद निराळ्या रूपानें आहे. श्राद्धास बोलावूं नयेत अशा ब्राह्मणांच्या यादींत मनूनें 'भृतकाध्यापक', म्हणजे वेतन घेऊन शिकविणारा, यास घातलें आहे. त्या हिशेबानें प्रस्तुत लेखक आणि त्याचे सारे सहकारी पंक्तीबाहेर बसतील! वेतन घेतल्यानें विद्या विटाळते असें मला कधींच वाटलें नाहीं, आणि वेतन घेतल्यानें खेळ विटाळतो असेंही वाटत नाहीं. वेतन चोरून घ्यावें लागलें म्हणजे मात्र देणारा आणि घेणारा दोघेही बिघडतात.

पगार सुरू झाले म्हणजे उत्पन्नही नेमाचें हवें. बर्मिंगहॅमचा कापडाचा व्यापारी विल्यम मॅकग्रेगर हा ॲस्टन व्हिला संघाचा चालक होता. 1888 च्या मार्चमध्यें त्यानें प्रमुख संघांस पत्रें पाठवून सुचविलें कीं, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें प्रत्येकानें प्रत्येकाशीं, एकदां आपल्या व एकदां परक्या मैदानावर, असे सामने खेळावे. त्यांतून फुटबॉल लीग जन्मास आली. सहा संघ लँकेशायरचे व सहा मध्य इंग्लंडांतले, असे बारा संघ. त्या वेळीं श्रेणी एकच, आणि लीगचा पहिला खजिनदार हाच आपला सडेल. (याच सालीं इकडे सिमल्यास ड्युरंड करंडकाचे सामने सुरू झाले, मुंबईचा रोव्हर्स करंडक 1891 चा.)

8 सप्टेंबर 1888 रोजीं पहिले सामने झाले. आजच्या वाचकानें त्या मैदानाचें चित्र डोळ्यांपुढें आणितांना गोलास जाळें लावूं नये. जाळें आणि पेनल्टीची किक हीं दोन्ही 1891 सालीं आलीं. गोलरक्षकास आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंही चेंडू हातानें हाताळतां येई. प्रेस्टननें डीपडेलवर बर्नलीचा 5-2 असा पराभव करून आरंभ केला. ऑक्टोबरमध्यें स्टोकचा संघ नऊच गडी घेऊन आला. प्रेस्टननें आपले राखीव दोन गडी त्यास उसने दिले आणि मग सात गोलांनीं त्यास हरविलें! उसने दिलेल्या त्या दोघांनीं मनांतून कोणाचा जय चिंतिला असेल, हें देव जाणे. हंगाम सुरू होऊन अडीच महिने झाले तरी गुण कसे मोजावे हें ठरलेलें नव्हतें; जयास दोन व बरोबरीस एक असा नियम नोव्हेंबरांत झाला. ॲक्रिंग्टन, ॲस्टन व्हिला, बर्नली व ब्लॅकबर्न यांच्याशीं एकेक सामना बरोबरींत सुटला. बाकीचे सर्व जिंकले. 5 जानेवारी 1889 रोजीं नॉट्स काउंटीला 4-1 असें हरवितांच पहिला क्रमांक निश्चित झाला. आणखी तीन सामने खेळावयाचे राहिलेच होते. एकूण सामने 22, जय 18, बरोबरी 4. गोल केले 74, झाले 15. गुण 40, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ॲस्टन व्हिलाचे 29.

करंडकाची गोष्ट याहूनही रोचक. त्याआधींच्या हंगामांत प्रेस्टननें हाइड नांवाच्या संघावर सव्वीस गोल केले होते, आणि तो गर्व अंतिम सामन्यांत वेस्ट ब्रॉमविचनें 2-1 असा उतरविला होता. त्या दिवशीं कपडे स्वच्छ आहेत तोंवर करंडकासह छायाचित्र काढून घ्यावें असें प्रेस्टनच्या गड्यांनीं सुचविलें, आणि पंच मेजर मॅरिंडिन यांनीं, तो आधीं जिंकून घ्यावा हें बरें, असें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. 1889 सालीं असा उतावळेपणा दिसला नाहीं. बूटल, ग्रिम्सबी, बर्मिंगहॅम सेंट जॉर्जेस, वेस्ट ब्रॉमविच, आणि 30 मार्च रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टन, असे पांच सामने जिंकून त्यांनीं करंडक घेतला. या पांच सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाहीं.

अंतिम सामना 3-0 असा झाला. पहिला गोल फ्रेड ड्यूहर्स्ट याचा. हा गडी पगारी नव्हता. प्रेस्टनच्या कॅथॉलिक ग्रामर शाळेंत तो शिक्षक होता. आठवडाभर मुलांस शिकवावें आणि शनिवारीं अजिंक्य संघांतून खेळावें, असा त्याचा क्रम. त्याच्या वर्गांतील मुलांचें सोमवारीं धड्याकडे कितपत लक्ष लागत असेल, याची मला कल्पना करवते. करंडकाच्या सामन्यांतील गोलरक्षक मिल्स-रॉबर्ट्स हाही हौशीच, पेशानें डॉक्टर, जातीनें वेल्श. म्हणजे ज्या संघावर पगारीपणाचा शिक्का बसला होता, त्याच्या कीर्तींत एका बिनपगारी मास्तराचा व एका बिनपगारी डॉक्टराचाही वांटा होता. आणि मैदानावर कोण पगारी व कोण हौशी हें कोणास ओळखतांही येत नव्हतें.

आतां खर्चाकडे वळूं. पुढच्या वर्षीं प्रेस्टननें लीग पुन्हा जिंकली, मग लागोपाठ तीन वर्षें दुसरा क्रमांक मिळविला. 1893 सालीं संघाची मर्यादित कंपनी झाली आणि सडेलच्या हातचा कारभार गेला. दोन वर्षांनीं, 1895 सालीं, त्याच्या गिरणीच्या वह्या तपासण्यांत आल्या. कित्येक वर्षें त्यानें हिशेबांत खोट्या नोंदी करून मालकांचे पांच हजार पौंडांहून अधिक पैसे उचलल्याचें उघड झालें. खेळाडूंचे पगार, प्रवास, पाहुणचार, भेटी, यांतच यांपैकीं बराच पैसा गेला असें मानलें जातें. न्यायालयानें त्यास तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षीं ड्यूहर्स्टही, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, वारला.

सडेलचा बचाव करणारे म्हणतात कीं, त्यानें स्वतःसाठीं इमले बांधले नाहींत, गांवाला आनंद दिला. एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाहीं. घरचा व्यवहार पाहणारा कर्ता उदार असतो. दारीं आलेला याचक विन्मुख जात नाहीं, सणासुदीला पंगती उठतात, गांवांत नांव होतें. पुढें वांटणीच्या वेळीं वह्या उघडतात, आणि धाकट्या भावाच्या मुलांच्या शिक्षणाकरितां ठेवलेली रक्कम त्या पंगतींत उठून गेल्याचें दिसतें. त्या कर्त्यानें अन्न स्वतःच खाल्लें नाहीं हें खरें. पण दान त्यानें केलें तें दुसऱ्याच्या द्रव्याचें, आणि कीर्ति मात्र स्वतःची. सडेलच्या बाबतींत मला अधिक टोंचतें तें हें कीं, 1884 सालीं सारे खोटें बोलत असतां समितीपुढें खरें बोलणारा तोच एकटा होता. जो मनुष्य सभेंत सत्य बोलूं शकला, तोच रात्रीं आपल्या मेजावर एकटा बसून वहींत असत्य लिहीत राहिला. दहा माणसांसमोर खरें बोलण्यास जें धैर्य लागतें, त्याहून निराळें आणि कठीण असें कांहींतरी एकट्यानें खरा आंकडा लिहिण्यास लागत असावें.

मात्र या चोरीमुळें त्या गड्यांचा पराक्रम खोटा ठरतो, असें मी म्हणणार नाहीं. गुडॉलनें केलेले वीस-एकवीस गोल कोणत्याही खतावणींत लिहून आलेले नव्हते. त्यांना मिळणारा पगार कोठून येतो हें गड्यांनीं विचारावयास हवें होतें काय, असा प्रश्न कोणी करील. पगार घेणारा नोकर मालकाच्या तिजोरीची किल्ली तपासावयास जात नाहीं. आपणही जात नाहीं.

शिक्षा भोगून सडेल दक्षिण आफ्रिकेंत केप टाउनला गेला, तेथें वर्तमानपत्रांत लिहूं लागला, आणि 1911 सालीं तेथेंच वारला. प्रेस्टनला लीगचें पहिलें स्थान त्या दोन वर्षांनंतर कधीं मिळालें नाहीं. 1938 सालीं करंडक तेवढा पुन्हा आला. 1961 सालीं तो संघ खालच्या श्रेणींत गेला आणि साठांहून अधिक वर्षें तेथून वर आला नाहीं. 2003-04 सालीं आर्सेनलनें लीगचे 38 सामने न हरतां पुरे केले, 26 जिंकून व 12 बरोबरींत सोडवून, तेव्हां वर्तमानपत्रांस प्रेस्टनची आठवण झाली. डीपडेलचें मैदान अद्याप त्याच जागीं आहे. तेथील प्रेक्षागारांस जुन्या खेळाडूंचीं नांवें दिलेलीं आहेत: एक टॉम फिनीचें, एक बिल शँक्लीचें, एक ॲलन केलीचें, आणि 2008 सालीं बांधलेलें चौथें 'अजिंक्यां'च्या नांवाचें. सडेलच्या नांवाचें प्रेक्षागार नाहीं.