कोठारातील वय

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी काय किंवा औंढ्याच्या टेकाडांत काय, विहीर खणावयास घेतली की मुरमाखाली काळा कातळ लागतोच, आणि पहार थकली म्हणजे सुरुंगावाचून गत्यंतर राहत नाही. ज्या नायट्रोग्लिसरीनयुक्त कांड्यांनी पूर्वी हे काम होई, त्यांचे उत्पादन सरकारने २००४ साली बंद केले. आणि ते योग्यच झाले, कारण कोठारात जुनी झालेली कांडी घामेजते, आतले तेलकट द्रव्य पृष्ठभागावर येते, आणि मग किरकोळ धक्काही पुरेसा होतो.

स्फोटकाची संवेदनशीलता आणि त्याचे स्थैर्य यांची आपण सर्रास गल्लत करतो. पहिली मोजण्याची रीत सरळ आहे: चिमूटभर नमुन्यावर ठरावीक वजन निरनिराळ्या उंचींवरून पाडावयाचे आणि निम्मे नमुने ज्या उंचीला उडतात ती नोंदवावयाची. या कसोटीला टीएनटी इतके सौम्य ठरते, की सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळवून ते तोफगोळ्यांत ओततात. तथापि ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्रीनंतर, वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात जो अनर्थ घडला, आणि ज्यात दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अग्निशामक दलाचे अनेक जवान प्राणांस मुकले, त्याचा ठपका आला तो टीएनटी पाझरू लागलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांवर. टीएनटी पुरेसे शुद्ध नसेल, तर त्यातील अशुद्ध द्रव्यांसह होणारे मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला पातळ होते आणि सांध्यांतून झिरपू लागते. विदर्भाचा उन्हाळा कसा असतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

तोफांच्या दारूतील नायट्रोसेल्युलोजची चाल याहून कुटिल. कोणी न छेडताही ते मंदपणे विघटित होत असते. त्यातून सुटणारी नायट्रोजनची ऑक्साइडे त्याच विघटनाला चेतवतात, उष्णता साचत जाते, आणि वर्षानुवर्षे निपचित पडलेला साठा एके दिवशी पेट घेतो. फ्रेंच आरमाराच्या 'येना' (१९०७) व 'लिबर्ते' (१९११) या युद्धनौका तुलोन येथे, शत्रूचा एकही गोळा न लागता, अशाच दारूपायी गेल्या. म्हणून त्या दारूत डायफिनाइलअमाइन मिसळतात. ते ही ऑक्साइडे शोषून घेते, परंतु स्वतः झिजत जाते, आणि म्हणून साठ्याची तपासणी मुदतीमुदतीने करावी लागते. एबल या इंग्रज रसायनज्ञाची जुनी कसोटी अशी: नमुना नळीत ठेवून तापवावयाचा, वर पोटॅशियम आयोडाइड व पिष्ट लावलेली अर्धी ओली कागदाची पट्टी टांगावयाची, आणि ओल्या-कोरड्या भागांच्या सीमेवर फिकट तपकिरी रेघ उमटेपर्यंतची मिनिटे मोजावयाची, ती ठरलेल्या मर्यादेहून कमी भरली, की तो साठा बाद ठरतो.