पोटॅशियमचे औषध : आधी रक्ततपासणी, मगच मात्रा

बुलडाणा, प्रतिनिधी - अशक्तपणा जाणवू लागला किंवा पायात गोळे आले, की 'पोटॅशियम कमी झाले असेल' असा निदानवजा सल्ला सहज दिला जातो. मात्र पोटॅशियम हे टॉनिक नव्हे. रक्तातील त्याचे प्रमाण कमी होणे जितके घातक, तितकेच ते वाढणेही घातक आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील गावे येतात. किडनीच्या विकारांच्या तक्रारी या गावांतून अनेक वर्षांपासून येत आहेत. अशा भागात तर ही बाब अधिकच गांभीर्याने घ्यावयास हवी.

पोटॅशियम करते काय?

हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे संदेशवहन यांसाठी पोटॅशियम आवश्यक असते. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींमध्ये असते. रक्तातील त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट या मर्यादेत राहावे लागते. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः किडनी करते. ती दुबळी झाली, की हे पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाची गती बिघडून ते अचानक बंदही पडू शकते. अनेकदा त्यापूर्वी कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही.

गरज केव्हा भासते?

निरोगी व्यक्तीला आहारातूनच पुरेसे पोटॅशियम मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून घेण्याची शिफारस केली. डाळी, बटाटा, पालेभाज्या, केळी, संत्री व शहाळ्याचे पाणी हे त्याचे चांगले स्रोत आहेत.

दीर्घकाळ जुलाब वा उलट्या होणे किंवा लघवी वाढविणारी फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारखी औषधे सुरू असणे, ही पोटॅशियम कमी होण्याची प्रमुख कारणे होत. विदर्भातील कडक उन्हाळ्यात घामावाटे प्रामुख्याने पाणी व सोडियम जाते. त्यामुळे उन्हाने आलेला थकवा म्हणजे पोटॅशियमची कमतरता, असे मानणे योग्य नाही. जुलाबांत ओआरएसचे द्रावण उपयुक्त ठरते. त्यात पोटॅशियमही असते. किडनीच्या रुग्णांनी मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

कोणी सावध राहावे?

किडनीचा विकार असलेल्यांनी, तसेच मधुमेही व वृद्धांनी विशेष काळजी घ्यावी. रक्तदाबासाठी दिली जाणारी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे पोटॅशियम वाढवू शकतात. यांपैकी एखादे सुरू असताना पोटॅशियमचे सिरप स्वतःहून घेणे धोक्याचे आहे.

'कमी सोडियम'च्या मिठाकडेही लक्ष द्यावे. त्यात सोडियमऐवजी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाच्या वापराची सशर्त शिफारस केली. मात्र किडनीचे रुग्ण, गर्भवती आणि मुले यांना त्यातून वगळले आहे. पाकिटावरील घटक वाचूनच हे मीठ घ्यावे.

औषध घेताना

डॉक्टरांनी औषध दिले असल्यास मोजून दिलेलीच मात्रा घ्यावी. बाजारातील अनेक सिरपच्या १५ मिलिलिटर मात्रेत सुमारे २० मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळपास दोन केळ्यांएवढे पोटॅशियम असते. फळातले पोटॅशियम हळूहळू रक्तात मिसळते. सिरपमधले मात्र झपाट्याने शोषले जाते. म्हणून ते भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, सावकाश प्यावे. गोळी न चावता, न फोडता, पेलाभर पाण्यासोबत बसून गिळावी आणि लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला व जठराला इजा होऊ शकते. एक मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने पोटॅशियम व क्रिएटिनिन यांची तपासणी करावी. प्रकृती सुधारल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून औषध सुरूच ठेवू नये. छातीत धडधड, हातापायांतील बळ जाणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि सुरू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.